गळती

सुर्लच्या टाकीवर कुंभ्याची एक फांदी वाकून आली आहे.
रविवारी सकाळी तिच्या टोकाला
साबणाचा फेस पुसून ठेवल्यासारखा गोळा.
साबण नव्हे. मी बोट लावून पाहिलं.
थंड, चिकट,
आत बारीक साबुदाण्याएवढी अंडी.

मी पंप चालवतो. सकाळी सहा ते आठ, संध्याकाळी पाच ते सात.
वहीत वेळ लिहितो, ब्लीचिंग पावडर किती घातली ते लिहितो.
बेडकांसाठी वहीत रकाना नाही.

आदल्या रात्री ती आली तेव्हा मी बॅटरी मारली होती:
कोवळ्या केळीच्या पानाची हिरवी,
पाठीवर नर, आणि मागचे दोन्ही पाय
ताक घुसळावं तसे चाललेले.
बोटांमधला पडदा ताज्या सोलांसारखा लाल.
मग नर सुटला. खाली उतरला नाही,
चारी पंजे उघडून
पोफळीपर्यंत हवेतून गेला, घाई नसल्यासारखा.

कुष्टाला फोटो पाठवला. धाकटा भाऊ, तारवटी,
क्रूझवर प्लेटी धुतो.
तीन दिवसांनी त्याचा आवाज आला, मागे इंजिनाची घरघर:
"दादा, झाडावरच्यांची भावकी सगळीकडे आहे रे.
सख्खी नसेल."

केर्न्सच्या बंदरात म्हणे कॅन्टीनच्या कमोडमध्ये एक बसलेला असतो,
जाड, हिरवा, पुन्हा निवडून आलेल्या सरपंचासारखा.
पाणी ओढलं तरी हलत नाही, कडेला चिकटून राहतो.
लिमोनला एका गाइडने पान उलटून दाखवलं,
बेडूक अंगठ्याच्या पेराएवढा, पोटाची कातडी काचेची,
आत काळीज उडताना दिसतं.
"लपवायला काहीच नाही त्याच्याकडे."
हॅलिफॅक्सचा गोदीवाला सांगत होता,
त्यांच्याकडचा थंडीत पाचोळ्याखाली गोठतो,
काळीजसुद्धा थांबतं,
बर्फ वितळलं की पुन्हा ओरडायला लागतो.
कुष्टा थोडा वेळ गप्प. नुसतं इंजिन.
मग म्हणाला, "आमी सात म्हयने तशेच."

आमच्या बाबांना एकच बेडूक कामाचा.
गॅसबत्ती, गोणी, भाताचे मळे,
पिवळा बेबो उजेडात आंधळा होऊन बसायचा.
मांड्या फोंड्याच्या एका बारवाल्याकडे जायच्या.
एका वर्षी माझी शाळेची फी त्यातून गेली.
हे मी कुणाला सांगत नाही.
गोणी रात्रभर हलायची, ते तर नाहीच.
झाडावरच्याला ते सोडून द्यायचे. दयेने नव्हे.
"ह्याका मास ना," म्हणायचे.

मांस नाही म्हणून जगात किती जण वाचले असतील.

अभियंता डिमेलोंचा फोन सोमवारीच येऊन गेला होता:
शुक्रवारपर्यंत टाकी धुऊन, पावडर मारून, फोटो.
फेस पिकायला आठवडा लागतो, मी दर साली पाहतो.
मग सर आली की तो विरतो
आणि शेपट्या एकेक करून खाली.
खाली टाकीच्या झाकणाचा फुटका कोपरा.
कोपऱ्याखाली माझी पावडर.

फांदी तोडता आली असती. कोयता पंपघरातच असतो.
रंगाची रिकामी बादली सापडली, ती राखेने घासली,
व्हाळाचं पाणी भरलं, दोन कुजकी पानं टाकली,
आणि फुटक्या कोपऱ्यावर, बरोबर फेसाखाली ठेवली.
वाऱ्याने फांदी सरकली की बादली सरकवायची,
एवढंच काम वाढलं.

शुक्रवारी फोटो पाठवला.
पाच मिनिटांत फोन: "ती बादली कसली तिथं?"
फेसाचा तळ सैल झाला होता,
एक शेपटी लोंबत होती, वळवळली,
पडली. टप्.
"गळती आहे, सर."
"टाकीच्या वरून?"
"हो सर. वरूनच."